हिरवी पाटी आणि विजेचे मीटर

(कसाल, जि. सिंधुदुर्ग येथील अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कसालच्या तिठ्यावरून एक रस्ता मालवणकडे उतरतो, तर महामार्गाने थोडे पुढे गेले की सिंधुदुर्गनगरीच्या कचेऱ्या लागतात. या परिसरातले जुने घर जांभ्या चिऱ्याचे, उतरत्या कौलांचे, पुढे पडवी आणि खळे असलेले. त्याची जाड भिंत दुपारचे ऊन लवकर आत पोहोचू देत नाही. पुढे आलेली वळचण चैत्रातले ऊन आणि आषाढातला तिरपा पाऊस या दोहोंपासून भिंतीचे रक्षण करते. वर चढलेली गरम हवा कौलांच्या फटींतून बाहेर पडते. या घराला 'हरित इमारत' असे प्रशस्तिपत्र कोणी दिले नाही. वीजच नव्हती, तेव्हा हवामानाशी जुळवून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते, एवढेच.

या घराचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. त्याच्या चुलीपुढे बायकांची आयुष्ये धुरात गेली. चिऱ्याच्या बेसुमार खाणींनी कोकणातल्या सड्यांना पडलेले खड्डेही डोळ्यांसमोर आहेत. प्रश्न जुन्याकडे परतण्याचा नाही. जे ज्ञान गरिबीने शिकवले, ते श्रीमंतीत विसरले का जाते आणि त्या विसराची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न आहे.

मालवण, कुडाळ, सावंतवाडीच्या कित्येक पिढ्यांनी मुंबईच्या गिरण्यांत घाम गाळला. त्या गिरण्यांच्या विणकाम-खात्यांची छपरे करवतीच्या दात्यांसारखी होती. दात्यांच्या काचा उत्तरेकडे तोंड करून बसवलेल्या असत, म्हणजे कडक ऊन आत न येता दिवसभर सारखा उजेड मिळे. मालकांनी हे कामगारांच्या प्रेमापोटी केले नव्हते. आत उकाडा आणि कापसाची धूळ होतीच. पण उजेड फुकट मिळत होता आणि तो वाया घालवू नये, एवढा हिशेब त्या बांधणीत होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि गिरणगावाच्या जमिनीवर काचेचे मनोरे उभे राहिले. काचेतून ऊन आत येते, म्हणून पडदे ओढायचे. पडद्यांनी अंधार होतो, म्हणून भर दुपारी दिवे लावायचे. ऊन आणि दिवे यांची उष्णता बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन वाढवायचे. थंड देशांत सूर्याची ऊब घरात कोंडावी म्हणून जी काच उपयोगी पडते, ती दमट मुंबईत प्रतिष्ठेचे लक्षण ठरली!

यावर उपाय नाही असे मुळीच नाही. पुण्यात हडपसरला 'वन अर्थ' ही सुझलॉन कंपनीची वसाहत वास्तुशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी ठेंगण्या इमारती, चौक आणि उन्हाला अडवणाऱ्या झडपा यांच्या आधारे रचली. हैदराबादजवळ इन्फोसिसने २०११ मध्ये एकाच इमारतीचे दोन सारखे भाग केले. एकात नेहमीचे, पण चांगल्या प्रतीचे वातानुकूलन ठेवले. दुसऱ्यात छतामधल्या नळ्यांतून गार पाणी खेळवले. दुसऱ्या भागाला थंडाव्यासाठी सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली आणि बांधणीचा खर्चही वाढला नाही. सर्वांत सोपा उपाय तर नुसत्या बोटाचा आहे. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशेबाप्रमाणे वातानुकूलन यंत्राचे तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. अठरा अंशांवर यंत्र लावून आत कोट घालून बसणे ही चैन आहे. कार्यक्षमतेशी तिचा काही संबंध नाही.

कायदाही आहे. ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ चा, व्यापारी इमारतींसाठीची संहिता २००७ ची. २०२२ च्या दुरुस्तीने तिची कक्षा आणखी रुंदावली. तथापि स्थानिक हवामानाप्रमाणे ती बेतून अमलात आणण्याचे काम राज्याकडे येते आणि तिथेच गाडी रेंगाळते. दरम्यान हिरव्या पाट्यांचा बाजार तेजीत आहे. ही पाटी बहुधा इमारतीच्या आराखड्यावर मिळते, मीटरवर नव्हे. शिवाय हिशेब होतो दर चौरस फुटाला. माणशी जागा दुप्पट घेतली आणि दर फुटाची वीज थोडी घटवली, की वापर वाढूनही इमारत 'हरित' राहते.

आता याहून मोठ्या पाहुण्याकडे वळू. ऐरोली, महापे, रबाळे हा ठाणे-बेलापूर पट्टा एकेकाळी रसायनांच्या कारखान्यांचा होता. आज तिथे माहिती साठवणारी केंद्रे उभी राहत आहेत. या 'डेटा सेंटर'मध्ये संगणकांच्या रांगा रात्रंदिवस चालतात. त्यांत गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते आणि ती हटवायला पुन्हा वीज किंवा पाणी लागते. एकूण विजेला संगणकांच्या विजेने भागले की जो आकडा येतो, तो या धंद्याचा मानदंड. आदर्श आकडा एक. जगातली सरासरी दीडच्या किंचित वर. उत्तमातली उत्तम केंद्रे १.१ च्या आसपास आहेत. ही अभियंत्यांची खरीखुरी कामगिरी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही.

पण हा आकडा एकूण वापराबद्दल अवाक्षर काढत नाही. साधे त्रैराशिक मांडून पाहा. एक मेगावॉटचा भार वर्षभर अखंड चालला तर ८७ लाख ६० हजार युनिट वीज लागते. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या ७,३०० घरांची ही गरज. शंभर मेगावॉटचे एक केंद्र पूर्ण भाराने चालले तर अशा ७ लाख ३० हजार घरांची वीज घेईल. २०११ च्या जनगणनेत सबंध सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्याच साडेआठ लाखांच्या आत होती. घरे अर्थातच त्याहून कितीतरी कमी! पाण्याचेही तसेच. बाष्पीभवनाने गारवा आणायचा तर एका युनिटाची उष्णता हटवायला सुमारे दीड लिटर पाणी लागते. म्हणजे एका मेगावॉटला दिवसाला ३६ हजार लिटर. पाणी वाचवणारी पद्धत घेतली तर वीज जास्त जाते. धो धो पावसानंतरही मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या कोकणाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगातल्या अशा केंद्रांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. २०३० पर्यंत हा वापर ९४५ अब्जांच्या घरात जाईल. यंत्रे अधिकाधिक काटकसरी होत असताना वापर दुपटीहून अधिक वाढतो, यात नवल नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवून दिले होते की वाफेचे यंत्र सुधारले तसा इंग्लंडचा कोळसा वाचला नाही, उलट अधिक खपला. काटकसरीचा फायदा नफ्याच्या हाती राहिला, की ती काटकसर नव्या उधळपट्टीचे भांडवल बनते.

ही वीज कुठून येते, हे महाराष्ट्राला नवीन नाही. मुंबईच्या विजेसाठी मुळशीच्या जमिनी बुडणार म्हणून १९२१ मध्ये मावळे सत्याग्रहाला बसले. सेनापती बापट त्यांचे नेते झाले. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरले, राज्य उजळले आणि धरणग्रस्तांचे प्रश्न मात्र पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आले. दाभोळला एन्रॉन आली आणि गेली. माडबनच्या सड्यावर ९,९०० मेगावॉटचा अणुप्रकल्प योजला गेला. त्याविरुद्धच्या आंदोलनात एप्रिल २०११ मध्ये साखरीनाटे येथे गोळीबारात एकाचा बळी गेला. उजेड एकीकडे आणि विस्थापन दुसरीकडे, हाच या इतिहासाचा धागा आहे.

म्हणून संगणक नकोत, असे म्हणणे प्रतिगामीपणाचे होईल. सातबाराचा उतारा, मच्छीमाराला मिळणारी वादळाची सूचना, पोराने मुंबईहून पाठवलेले पैसे, हे सारे त्याच यंत्रांतून येते. पण २०२२ मध्ये सरकारने या केंद्रांना पायाभूत सुविधांचा दर्जा दिला. तो दर्जा लोकांच्या नावाने मिळतो, तर हिशेबही लोकांपुढे मांडला गेला पाहिजे. मागण्या साध्या आहेत. प्रत्येक मोठ्या कचेरीने आणि केंद्राने वर्षाची एकूण वीज, एकूण पाणी आणि डिझेल जनित्रांचे तास जाहीर करावेत. हरित पाटी आराखड्यावर न देता तीन वर्षांच्या मीटरवर द्यावी, आणि वापर वाढला तर काढून घ्यावी. सौरवीज वर्षाच्या बेरजेत खरेदी करून रात्री कोळशाची वीज वापरणाऱ्यांनी तासातासाचा ताळेबंद द्यावा. ज्या गावाच्या जमिनीवर वीज तयार होते, त्याचा हक्क त्या विजेवर पहिला असावा.

आणि सुरुवात दूर कशाला? सरकारी कचेरीच्या दर्शनी भागात माहितीच्या अधिकाराचा फलक लागतो. त्याशेजारी महिन्याच्या वीजबिलाचा फलक लावायला सिंधुदुर्गनगरीत कोणाची हरकत असावी? शाळेतली मुले तो वाचतील, बेरीज-वजाबाकी करतील आणि दिवसा दिवे का चालू आहेत, असे विचारतील. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची सवय आधी या कचेऱ्यांना लागली, म्हणजे मुंबईच्या काचेच्या मनोऱ्यांनाही ते विचारण्याचे बळ येईल.