संगणकाची चावी कोणाच्या हाती?



खंडेनवमीला सोलापुरात माग थांबतात. विणकर यंत्र पुसून स्वच्छ करतो, हळद-कुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. अलीकडे त्याच झेंडूचे एक फूल कचेरीतील संगणकावरही ठेवले जाते. ज्या साधनावर चरितार्थ चालतो, त्याविषयी कृतज्ञता व्यक्त करण्याची ही आपली रीत आहे. परंतु पूजेतील या दोन साधनांत एक मोठा भेद आहे. माग पूर्णपणे त्याच्या धन्याचा असतो. संगणकाचे यंत्र धन्याचे असले, तरी ते चालवणारी प्रणाली बहुधा केवळ वापरापुरती मिळालेली असते. तिच्या अटी ठरवणारा दूर कोठेतरी बसलेला असतो.

हा भेद सोलापूरकरांना चटकन समजावा. ज्या चादरीने या शहराचे नाव देशभर पोहोचवले, तिची नक्षी जकार्ड मागावर उमटते. फ्रान्समधील जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास ही युक्ती सिद्ध केली. पुठ्ठ्याच्या कार्डावरील छिद्रे कोणता उभा धागा उचलायचा हे ठरवतात. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज याने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी याच कार्डांची कल्पना घेतली आणि पुढे विसाव्या शतकात कित्येक दशके संगणकाला आज्ञा देण्यासाठी छिद्रांची कार्डे वापरली गेली. म्हणजेच मागावरील नक्षीचे कार्ड हे संगणकाच्या आज्ञावलीचे पूर्वरूप होय.

हे कार्ड उघडे असते. जाणकाराला ते वाचता येते, त्यातील चूक दुरुस्त करता येते, नवी नक्षी पाडता येते. उद्या कोणी ते कुलूपबंद पेटीत घालून दिले आणि पेटी उघडायची नाही, नक्षी बदलायची नाही, काही वर्षांनी जुन्या मागावर ती चालेल याची हमी नाही, अशी अट घातली, तर कोणता कारखानदार ती मान्य करील? संगणकाच्या बाबतीत मात्र बहुतेकांनी ती अट न वाचताच मान्य केली आहे.

तिचे परिणाम १४ ऑक्टोबर २०२५ रोजी घरोघरी पोहोचले. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मर्यादित सुरक्षा-सोय जाहीर झाली, पण मूळ प्रश्न तसाच राहिला. विंडोज ११ साठी विशिष्ट सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे उत्तम चालणारी असंख्य यंत्रे केवळ नियमाने बाद ठरली. यंत्र बिघडले नाही, मालकही बदलला नाही. तरीही ते टाकून द्यावे लागेल, असे दुसऱ्याच कोणी ठरवले.

याहून गंभीर प्रसंग जुलै २०२५ मधील आहे. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने भारतातील नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा स्थगित केल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. पैसे मोजून घेतलेली सेवासुद्धा भारताने न केलेल्या निर्णयामुळे थांबू शकते, हा त्यातील धडा आहे. केवळ संगणकाची प्रणाली बदलल्याने असा प्रत्येक धोका टळतो असे नव्हे. ई-मेल आणि दूरस्थ साठवण यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. पण स्वावलंबनाचा आरंभ स्वतःच्या मेजावरील यंत्रापासूनच होतो.

येथे लिनक्सचा विचार येतो. २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये आरंभलेल्या मुक्त आज्ञावलीच्या कार्याशी तिची सांगड बसली. वापरणे, अभ्यासणे, बदलणे आणि वाटणे या चारही गोष्टींची मोकळीक हे तिचे मर्म आहे. योगायोग असा, की त्याच १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये दत्तोपंत ठेंगडी यांच्या पुढाकाराने स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली.

एक शंका स्वाभाविक आहे. फिनलंडच्या तरुणाने लिहिलेली प्रणाली स्वदेशी कशी? जकार्डचा माग तरी सोलापुरात कोठे जन्मला? तो सोलापूरचा झाला, कारण येथील कारागिरांनी तो खोलला, दुरुस्त केला आणि त्यावर आपली नक्षी विणली. लिनक्सबाबत हे शक्य आहे आणि ते घडलेही आहे. सी-डॅकने २००७ मध्ये भारतीय भाषांसह 'बॉस' ही लिनक्स प्रणाली दिली. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी उबुंटूवर आधारित 'माया' स्वीकारल्याचे प्रसिद्ध झाले. केरळच्या शासकीय शाळांत तर अनेक वर्षे मुले लिनक्सवरच शिकत आहेत. राजकीय विचार भिन्न असला, तरी चांगला प्रयोग कोणाचाही असो, तो घ्यावा.

या विषयाला नीतीचीही बाजू आहे. कित्येक मध्यमवर्गीय घरांत आणि कार्यालयांत संगणक जुळवून देणाऱ्याने प्रणालीची चोरटी प्रत बसवून दिलेली असते. मुलांना अस्तेयाचा संस्कार द्यायचा आणि त्यांचा गृहपाठ चोरीच्या प्रणालीवर करून घ्यायचा, ही विसंगती आहे. लिनक्सची प्रत शेजाऱ्याला देणे हा गुन्हा नाही. तो तिच्या परवान्याने दिलेला अधिकार आहे.

मात्र अडचणी झाकून कोणाला या वाटेवर आणू नये. टॅली थेट लिनक्सवर चालत नाही. पेजमेकर, कोरलड्रॉ यांवर रोजचे काम असणाऱ्या मुद्रण-व्यावसायिकांना घाईने बदल परवडणार नाही. जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेल्या धारिका युनिकोडमध्ये आणाव्या लागतात. काही छपाईयंत्रे आणि डिजिटल स्वाक्षरीची उपकरणे त्रास देतात. म्हणून व्यापाऱ्याने हिशेबाचा एक संगणक आहे तसा ठेवावा आणि उरलेल्यांपासून सुरुवात करावी.

सुरुवात क्रमाने व्हावी. प्रथम आहे त्याच विंडोजवर लिबरऑफिस आणि फायरफॉक्स महिनाभर वापरावे, म्हणजे हात वळतो. नंतर सर्व कागदपत्रे आणि छायाचित्रे वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. मग लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच संगणक सुरू करावा. मूळ यंत्राला धक्का न लावता छपाई, वायफाय आणि आवाज तपासता येतो. सर्व जुळल्यावरच कायमचे बसवावे. चार जीबी स्मृतीच्या जुन्या यंत्रावरही मिंट चालते; हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली तर फरक लगेच जाणवतो. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही विनामूल्य आहेत.

सोलापूरला आणखी एक लाभ आहे. या शहरात मराठीसोबत कन्नड आणि तेलुगू घराघरांत नांदतात. लिनक्सवर एकाच यंत्रात प्रत्येक सदस्याला आपापल्या भाषेचा पडदा निवडता येतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'क' ची कळ तिन्ही लिप्यांना एकच असते. आजीचे तेलुगू आणि नातवाचे मराठी एकाच कळफलकावर उमटू शकते. भाषांतरात जेथे उणीव दिसेल, तेथे ती सुधारण्याचे दारही उघडे आहे.

प्रत्येक वस्तीत एखादा तरी तरुण संगणकाचा जाणकार असतो. त्याने एका रविवारी एका घरातील अडगळीत पडलेला संगणक सुरू करून द्यावा आणि पुढचे तीन महिने त्या घराच्या शंका सोडवाव्यात. प्रणाली बसवणे तासाभराचे काम आहे, सोबत राहणे हेच खरे कार्य आहे. असे घडले, तर येत्या खंडेनवमीला त्या संगणकावर वाहिलेले फूल खऱ्या अर्थाने स्वतःच्या साधनावर वाहिलेले असेल.