जेऊरचें ग्रहण आणि सहीचे कागद

पुण्याहून सोलापुरास जाणाऱ्या प्रवाशाचें जेऊर या स्टेशनाकडे सहसा लक्ष जात नाहीं. करमाळें तालुक्यांतील हें एक लहानसें गांव. परंतु २२ जानेवारी १८९८ या दिवशीं भर दुपारीं येथें सुमारें दोन मिनिटें अंधार पडला, आणि तेवढ्या दोन मिनिटांसाठीं दूरदूरचे ज्योतिषी येथें तळ देऊन राहिले होते. मुंबई इलाख्यांत त्या वेळीं प्लेगाचा कहर होता. तरीहि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल हे चाळीस फूट नाभ्यंतराचा कॅमेरा घेऊन आले. जपानची मंडळी आली. आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला आपलीं उपकरणें घेऊन आले.

ग्रहण सुटलें, तंबू उठले, माणसें पांगलीं. मागें राहिले ते कागद. नायगमवालांचा अहवाल १९०२ सालीं मुंबईस छापून निघाला. त्याच्या मथळ्यांत ‘जानेवारी २१-२२’ अशा दोन तारखा आहेत. एकाच दुपारच्या ग्रहणास दोन तारखा कशा? त्या काळीं ज्योतिषी आपला दिवस मध्यरात्रीं नव्हे, तर मध्यान्हीं सुरू करीत. जेऊरला ग्रहण लागलें, तेव्हां ग्रीनिचला २२ तारखेची सकाळ होती. म्हणून ज्योतिषांच्या वहींत अद्याप २१ तारीखच चालू होती. १९२५ पासून ही रीत बंद झाली. जुना कागद नुसत्या मथळ्यानेंहि केवढा इतिहास सांगून जातो, याचें हें एक उदाहरण.

अशा कागदावर जर लेखकाच्या हातची सही असली, तर त्याची गोष्ट आणखी पुढें जाते. शास्त्रीय नियतकालिकांत निबंध छापला गेला, कीं त्याच्या कांहीं सुट्या प्रती लेखकास देण्याची चाल पुष्कळ वर्षें होती. यांना रीप्रिंट म्हणतात. ही प्रत विक्रीची नसे. लेखक ती गुरूस, मित्रास, किंवा ज्याचें मत आपणांस हवें अशा विद्वानास पाठवी, आणि पाठवितांना वर दोन शब्द लिहून सही करी. म्हणून संग्राहक जी सही शोधतो, ती केवळ थोर माणसाची खूण नव्हे. एक नवा विचार कोणाच्या हातून निघून कोणाच्या हातीं गेला, याची ती पावती असते.

ही पावती कधीं कधीं मोठी करुण असते. ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्यावरील निबंध १८६६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं ४० सुट्या प्रती मागविल्या आणि नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञांकडे त्यांतील कांहीं धाडल्या. त्यांपैकीं केर्नर यांच्याकडील प्रत पुढें सांपडली, ती पानें न फाडलेल्या स्थितींत! म्हणजे ती कोणी उघडलीच नव्हती. आनुवंशिकतेचे नियम असे टेबलावर पडून राहिले, आणि जगास ते कळण्यास १९०० साल उजाडावें लागलें.

सही नसण्यालाहि अर्थ असतो. डी. एन. ए. च्या रचनेविषयींचे तीन निबंध २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’ मध्यें एकत्र आले. त्यांचे लेखक सात. वॉटसन, क्रिक व विल्किन्स यांना १९६२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु रोझलिंड फ्रँकलिन १९५८ मध्येंच, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षीं वारल्या होत्या. कीर्ति पसरल्यावर संग्राहकांनीं इतरांच्या सह्या मिळविल्या. फ्रँकलिनबाईंची मात्र कोणास मागतां आली नाहीं.

आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या सापेक्षतेवरील निबंधाचें मूळ हस्तलिखित तर राहिलेंच नव्हतें. युद्धकाळीं त्यांनीं तो निबंध पुन्हां आपल्या हातानें लिहून काढला, आणि १९४४ सालीं त्यावर ६५ लक्ष डॉलरांचे युद्धरोखे खपले. आज तो अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. किंमत मोठी खरी. पण त्यासाठीं एका थोर शास्त्रज्ञास आपलीच नक्कल करावी लागली, हेंहि विसरतां येत नाहीं.

एवढें दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनीं ६१७४ या संख्येचा चमत्कार १९४९ सालीं जगापुढें मांडला. आपलें बरेंच गणित त्यांनीं लहान लहान पुस्तिकांच्या रूपानें स्वखर्चानें छापलें. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं अमेरिकेंतील नियतकालिकांत त्यांच्यावर लिहिलें, तेव्हां जगाचें लक्ष तिकडे गेलें. अशा पुस्तिका दिसावयास क्षुल्लक असतात, आणि म्हणूनच त्या लवकर नाहींशा होतात.

नवशिक्या संग्राहकानें सावध मात्र असावें. पुष्कळदां सही ठशानें छापलेली असते. भिंगाखालीं शाई आणि कागद पाहिल्यास फरक कळतो. नुसत्या सहीपेक्षां, ज्यास प्रत दिली त्याचें नांव व तारीख असलेली प्रत अधिक विश्वसनीय. आणि ती कोणाकडून कोणाकडे आली ही साखळी जुळल्यास फारच उत्तम. कागद हातीं आल्यावर गंजलेली टांचणी हलकेंच काढावी, चिकटपट्टी लावूं नये, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यांत तो भिंतीवर चौकटींत न टांगतां आम्लरहित कागदांत गुंडाळून अंधाऱ्या कपाटांत ठेवावा.

सोलापुरांत, पंढरपुरांत, बार्शींत वकिलांचीं, डॉक्टरांचीं, शिक्षकांचीं जुनीं घरें आहेत. घर मोडतांना माळ्यावरील ट्रंका खालीं येतात, दागिने व दस्तऐवज वेगळे निघतात, आणि उरलेले कागद रद्दीच्या तागडींत पडतात. त्यांत एखादा पातळ, बिनबांधणीचा, कोपऱ्यांत दोन ओळी लिहिलेला कागद असूं शकेल. तागडी उचलली जाण्यापूर्वीं त्याचें पहिलें पान उघडून वाचावें, एवढेंच. केर्नर यांच्या टेबलावरील ती प्रत कोणी वेळीं उघडली असती, तर चौतीस वर्षें वांचलीं असतीं.