दारावरची नोटीस

घरकर्जाचे हप्ते थकतात, बँक दारावर ताब्याची नोटीस चिकटवून जाते, पण माणसं घरातच असतात. मग आपल्या विदर्भातल्या दुसरबीडसारख्या गावात म्हटलं जातं, "कागदच लावलाय, घर थोडंच नेलं!" घात होतो तो इथं. हा सांकेतिक ताबा. कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागण्याची ४५ दिवसांची मुदत यानंच सुरू होते. सामान बाहेर काढेपर्यंत थांबावं लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

हे सगळं चालतं २००२ च्या सरफेसी कायद्यानं. ताब्याआधी ६० दिवसांची मागणी नोटीस यावी लागते. तिच्यावर लेखी हरकत जरूर द्या. ती अमान्य केली, तर बँकेनं १५ दिवसांत कारणं कळवायची असतात. अनेकजण मनाई हुकमासाठी तालुक्याच्या दिवाणी कोर्टात धावतात आणि त्यातच दिवस जातात. उघड लबाडीसारखा अपवाद सोडला, तर ते दार कायद्यानंच बंद केलंय. आपल्याला जावं लागतं नागपूरच्या न्यायाधिकरणात.

कर्ज सहकारी बँकेचं असेल तरी हाच कायदा. कोल्हापूरकडच्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात २०२० साली तसा निकाल लागला. पतसंस्थेचं मात्र वेगळं: तिथं सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला येतो, आणि त्याविरुद्ध सहकार खात्याकडे जाताना निम्मी रक्कम भरावी लागते.

घर हातचं गेलं, आता भांडून काय, असं मला लोक विचारतात. बँकेनं नियम मोडून ताबा घेतला असं ठरलं, तर न्यायाधिकरण घर परत द्यायला सांगू शकतं, खर्च आणि भरपाईही मिळू शकते. लिलावात देण्यापेक्षा जास्त पैसे आले, तर उरलेले तुमचे.

काहीजण कर्जातून सुटायला नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज करतात, पण त्यानं तारण सुटत नाही. जिल्हा न्यायालयानं नादार ठरवलं, की मालमत्तेचे हक्क न्यायालयानं नेमलेल्या रिसिव्हरकडे जातात. म्हणून बँकेविरुद्धची तक्रार त्याला लेखी कळवा, लपवू नका.

वकिलाला पैसे नसतील, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथं उत्पन्नाची अट नाही. जाताना नोटिशीबरोबर तिचा लिफाफाही न्या. त्यावर टपालाच्या शिक्क्याची तारीख असते.