गरिबाचाही कागद असतो
(सावर्डे, तालुका चिपळूण, येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे झालेले भाषण)



राजेरजवाड्यांच्या बखरी झाल्या, सरदारांच्या वंशावळी छापल्या गेल्या. आपला पणजा कोण, असे कोणी विचारले तर आपण म्हणतो, "आम्हा गरिबांचे कोण लिहून ठेवतो?" हा समज खोटा आहे. गरिबाचेही लिहिलेले आहे. मात्र ते त्याच्या मानासाठी लिहिलेले नाही. त्याच्याकडून काही घ्यायचे होते म्हणून लिहिलेले आहे.

मॉरिशस बेटाचेच पाहा. 1834 पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. सुमारे साडेचार लाख माणसे तिथे उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडचे आपले लोकही होते. प्रत्येकाला नंबर दिला. नंबरापुढे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, अंगावरची खूण लिहिली. पुढे फोटोही काढले. मजूर पळाला तर ओळखता यावा, हा हेतू! मळेवाल्यांचा अंमल गेला, वह्या राहिल्या. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या जपल्या आहेत, आणि त्याच वह्यांतून मजुरांची पतवंडे आज आपल्या मुळाचा माग काढतात. धन्याने पाळतीसाठी केलेला कागद वंशजाचा दाखला झाला.

आपल्या घरची गोष्ट निराळी नाही. हा जिल्हा खोतीचा. कोणते कूळ कोणती जमीन कसते, हे वसुलासाठी बोटखतासारख्या दप्तरांत लिहिले गेले. 1949 साली खोती नष्ट करणारा कायदा झाला, खोती गेली. पण त्या दप्तरांत आपल्या आज्या-पणज्यांची नावे आहेत.

माग काढायचा तो आपल्यापासून मागे: बापाकडे, मग आज्याकडे, मग पणज्याकडे. पहिला कागद शाळेचा. आम्ही मास्तर, या वहीशी आमची रोजची गाठ. दाखल-खारज रजिस्टरात मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे कारण असते. कारणाचा रकाना जरूर वाचा. पुष्कळदा घरची सारी ओढाताण त्या एका शब्दात सापडते. दुसरा कागद गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद. जुन्या नोंदी तहसील कचेरीत विचाराव्या. मृत्यूचे साल 1918 निघाले, तर त्या वर्षीची इन्फ्लुएंझाची साथ ध्यानात घ्यावी. तिसरा कागद फेरफाराचा. खातेदार मेला की त्याचे वारस तिथे लागतात.

आता आमच्या मायबहिणींविषयी. जमीन बापाच्या नावे, मग मुलाच्या नावे. राबणारी पणजी सातबाऱ्यावर बहुधा दिसत नाही. नवऱ्यामागे वारस म्हणून लागली तरच तिचे नाव कागदावर येते. म्हणून तिचे माहेर, माहेरचे नाव घरातल्या म्हातारीला आजच विचारा. ती गेल्यावर कोणतीही कचेरी ते सांगणार नाही.

हा नुसता हौसेचा विषय नव्हे. कुणबी, कुंभार, सुतार, न्हावी यांच्या मुलीला जातीचा दाखला हवा, तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. अनुसूचित जातींसाठी ती तारीख 10 ऑगस्ट 1950 आहे. पणज्याने दोन यत्ता शाळा केली असेल, तर त्या वहीतली एक ओळ आज पणतीच्या शिक्षणाचे दार उघडते.

पण कागद अमर नाही. वाळवी आहे, कोकणचा पाऊस आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळुणात घरोघर पाणी शिरले, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून शिक्क्याची नक्कल काढा आणि एक प्रत दुसऱ्या गावच्या नातलगाकडे ठेवा. जुने लिखाण मोडीत आहे आणि मोडी वाचणारे थोडे; तेव्हा घरातल्या एका तरी पोराने मोडी शिकावी. ही विद्या कुणा एका जातीची मिरास नाही.

दुसऱ्यांनी आपल्याला वसुलासाठी लिहिले. आता आपण आपल्याला आपल्यासाठी लिहावे, इतके सांगून आम्ही रजा घेतो.