विलायतेची परीक्षा आणि घरातली खाट



निर्मळ-नंदाखालपासून पापडी-सांडोरपर्यंत कुठल्याही आळीत विचारा, एखादी तरी नर्स निघतेच. आधी आपल्या मुली मुंबईच्या हॉस्पिटलांत गेल्या, मग आखातात. आता घरोघरी इंग्लंडचं नाव निघतं. मी बरीच वर्षं वॉर्डात काढली, आणि हल्ली गावातल्या पोरींचा सराव घेते. आज बोलणार आहे ते त्यांच्या आयांसाठी आणि सासवांसाठी.

इंग्लंडमध्ये नर्सची नोंद करणारी परिषद दोन परीक्षा घेते. पहिली कॉम्प्युटरवरची, ती इथेच भारतात देता येते. इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस किंवा ओईटी, ती वेगळी. दुसरी परीक्षा मात्र हाताने काम करून दाखवायची. तिला ओएससीई म्हणतात आणि ती तिकडे जाऊनच द्यावी लागते. फी आहे ७९४ पौंड, म्हणजे आपले नव्वद हजारांच्या वर. नोकरी लागल्यापासून तीन महिन्यांत बसायचं आणि आठ महिन्यांत पास व्हायचं. तोवर नर्स म्हणून नोंद नाही, म्हणून पगारही कमी. घरात सोनं गहाण असेल तर हे महिने फार लांब वाटतात.

परीक्षेत दहा टप्पे असतात. चार टप्प्यांत एकाच रुग्णाची तपासणी, काळजीचा बेत, औषध देणं आणि शेवटी मूल्यमापन. चार टप्प्यांत हातची कामं: ड्रेसिंग, इंजेक्शन, कॅथेटर काढणं, असं काहीतरी. दोन टप्पे नुसते लिहायचे. रुग्ण म्हणून कधी नट-नटी असतात, कधी बाहुला.

आता आपल्या पोरी अडकतात कुठे? हात त्यांचे तयार असतात. आपल्या वॉर्डात एका नर्सच्या वाट्याला इतके पेशंट, की ती न बोलता झपाझप इंजेक्शन देऊन पुढच्या खाटेकडे जाते. तिथे ही सवय नडते. आधी आपलं नाव सांगायचं. रुग्णाला नाव आणि जन्मतारीख विचारून मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायची. कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, दुखतंय का, आता मी हे करू का, हे विचारायचं. पडदा ओढायचा. नाडी बघितली तर आकडा मनात ठेवायचा नाही, सांगायचा आणि लिहायचा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे. परीक्षक जे बघतो आणि ऐकतो त्यालाच गुण देतो. माझ्याकडे सरावाला येणारी एक मुलगी ड्रेसिंग इतकं सुंदर करायची की बघत राहावं, पण खाटेवरच्या माणसाकडे एकदाही बघायची नाही. तिच्या आजीनेच एकदा झापलं, "मी काय गादी आहे का गं?"

म्हणून सांगते, घरातली खाट द्या त्यांना. आई, आजी, शेजारीण, कुणीही आडवं व्हा. इंग्रजी येत नाही म्हणून लाजू नका. ती इंग्रजीत बोलेल, तुम्ही कादोडीत उत्तर द्या. तिने तोंडाकडे बघून विचारलं का, हात धुतले का, जाताना पांघरूण नीट केलं का, हे तुम्हाला बरोबर कळतं. एकीने घड्याळ धरा. मध्येच खोका, "मला नको इंजेक्शन" म्हणून हट्ट करा. खरा पेशंट करतोच की.

छाती दाबण्याचा सराव जमिनीवर घट्ट उशी ठेवून होतो. मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, ३० वेळा दाबायचं, मग २ श्वास. खऱ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर दबली पाहिजे. आणि कोपरापासून खाली हात मोकळा हवा, घड्याळ छातीवर उलटं लावायचं. साधी अंगठी चालते, बांगड्या नाही. नव्या सुनेने सरावाला हिरवा चुडा उतरवला तर सासूबाईंनी तोंड वाकडं करू नये. बांगडीखाली हात नीट धुतला जात नाही, एवढंच त्यामागचं कारण.

लिहिण्याचंही असंच. कागदावर चुकलं तर गिरगोटायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, तारीख आणि सही. घरच्या वहीवरच ही सवय लागली तर बरं.

पैशांचं बोलते. परदेशी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला सरकारी परवाना लागतो, आणि तो आहे की नाही हे ई-मायग्रेटच्या सरकारी साइटवर बघता येतं. कायद्याने त्याला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. इंग्लंड सरकारची नियमावली तर म्हणते की भरतीसाठी नर्सकडून पैसे घ्यायचेच नाहीत. तरी लाखांच्या गोष्टी कानावर येतात. बचत गटातून कर्ज काढून कुणी असे पैसे भरत असेल तर गटाच्या बैठकीत आधी परवाना मागा, आणि नोकरीचा करार कुणाकडून तरी मराठीत वाचून घ्या. परीक्षेची फी हॉस्पिटल भरणार का, नापास झाल्यास दुसऱ्या खेपेची कोण भरणार, नोकरी लवकर सोडली तर किती परत द्यायचे, हे त्यात लिहिलेलं असतं. अलीकडे तिकडची बाहेरून होणारी भरती बरीच कमी झाली आहे, त्यामुळे नोकरीचं पत्र हातात येण्याआधी सोनाराकडे जाऊ नका.

एक काम मात्र आजच करता येईल. दहावीच्या दाखल्यावर, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर आणि पासपोर्टवर मुलीचं नाव एकच आहे का, ते बघा. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव, दोन्ही बदलतात, आणि तिकडच्या कारकुनाला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला काढलेला नसेल तर तो आधी काढा.