जुन्या पाटलोणीतील माया
(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



शिवणकाम हा आपल्या समाजाचा पिढीजात व्यवसाय. तयार कपड्यांमुळे नव्या शिलाईचे काम ओसरले असले, तरी आजोबांच्या पेटीतील पाटलोण घेऊन तरुण मंडळी आमच्या दुकानाची पायरी चढू लागली आहेत. ‘दुरुस्तीचे काम हलके’ असे म्हणून त्यांना परत पाठविणारे बंधूही आमच्या पाहण्यात आहेत. म्हणून हे चार शब्द.

जुनी लोकरी पाटलोण हाती येताच कात्री उचलू नये. प्रथम ती उजेडासमोर धरावी, म्हणजे कसरीची भोके दिसतात. मग उलटी करून आतील माया मोजावी. जुने कारागीर मागच्या मधल्या शिवणीत भरपूर माया ठेवीत आणि कंबरपट्टाही तेथेच जोडीत. त्यामुळे ती एक शिवण उसवली की कंबर सैल वा तंग करता येते. मात्र दोन इंचांहून फार अधिक आत घेतल्यास मागचे खिसे एकमेकांकडे सरकतात व बैठक बिघडते. सैल करताना आतील न विटलेल्या कापडाची गडद रेघ आणि जुन्या टाक्यांची छिद्रे उघडी पडतात, हे गिऱ्हाइकास आधीच सांगावे. उंची कमी पडत असेल, तर पायाची दुमड उलगडावी; दीड इंची दुमडीत सुमारे तीन इंच कापड असते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिश सरकारने कापड वाचविण्यासाठी अशा दुमडीवर बंदी घातली होती, ती याचसाठी. बेंबीशी बसणारी उंच कंबर मात्र खाली आणण्याच्या भरीस पडू नये. पुढची पट्टी व खिसे दोन्ही बिघडतात.

आता आमची एक चूक सांगतो. एक गृहस्थ दिवंगत वडिलांची पाटलोण घेऊन आले. अंगाने सडपातळ होते. आम्ही कंबर आत घेतली आणि शिवण जाड होऊ नये म्हणून उरलेली माया कापून टाकली. काही वर्षांनी तेच गृहस्थ तीच पाटलोण घेऊन आले. अंग भरले होते. शिवण उलटून पाहिली, तो आत अर्धे बोटही कापड नव्हते. त्यांनी आम्हास बोल लावला नाही. घडी घातली आणि निघून गेले. त्यांनी रागावून चार शब्द सुनावले असते, तर बरे वाटले असते.

तेव्हापासून आमच्या दुकानात जुन्या कपड्यातील माया कोणी कापीत नाही. बंधूंनो, उसवण्याचा वेळ धरून रास्त मजुरी अवश्य घ्या. परंतु मुलांना कापण्याआधी उसवावयास शिकवा. आपण ठेवलेली माया पुढच्या शिंप्याच्या कामी येते.