परदेशी पदवी आणि नोकरी



मुलाला वा मुलीला अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या एम.एस.ला प्रवेश मिळाला की आपण पेढे वाटतो. पण पदवी ही नोकरीची हमी नव्हे. कर्ज काढण्यापूर्वी तेथील नियम समजून घ्या.

पदवीनंतर तेथे 12 महिने काम करता येते. इंजिनिअरिंगवाल्यांना आणखी 24 महिने मिळू शकतात. मात्र पहिल्या 12 महिन्यांत एकूण 90 दिवसांहून अधिक बेकार राहता येत नाही. पुढे कंपनीमार्फत एच-वन-बी व्हिसा लागतो. त्याची वार्षिक मर्यादा 65,000, आणि अमेरिकेतील उच्च पदवीधरांसाठी वेगळे 20,000. अर्ज त्याहून पुष्कळ येतात. हुशार उमेदवारही मागे राहतो.

जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधण्यास 18 महिने मिळतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. पण जर्मन भाषा आली नाही तर अनेक जागा हातच्या जातात.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, पहिल्या सत्रापासूनच उन्हाळी इंटर्नशिपच्या खटपटीला लागा. आणि पालकहो, येथील पगारातून हप्ता फिटेल एवढेच कर्ज काढा. मग मूल परत आले तरी घर गहाण पडणार नाही आणि त्याला मान खाली घालावी लागणार नाही.